रत्नागिरीतील दहा नावे

गेल्या दिवाळीच्या सुटीत माहेरी रत्नागिरीला गेले होते, तेव्हा आठवीतल्या भाच्याने एक वही माझ्या पुढ्यात आणून ठेवली. शाळेतून ‘आपल्या शहरातील दहा थोर व्यक्ती’ असा प्रकल्प दिलेला होता. प्रत्येक पानावर नाव, जन्म, मृत्यू, कार्य असे रकाने आखलेले होते आणि उजव्या कोपऱ्यात छायाचित्रासाठी चौकट होती. एवढ्यावर थांबेल तर तो आमचा भाचा कसला! त्याने स्वतःच्या हाताने आणखी एक रकाना वाढवला होता : ‘रत्नागिरीत किती वर्षे’. मी सहज म्हणून त्याच्याबरोबर बसले आणि त्या जादा रकान्यानेच माझी सुटी खाल्ली. पहिली चार पाने भरून झाल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, “आत्या, म्हणजे इथं जन्मले ते निघून गेले, नि आले ते पकडून आणलेले. मग राहिलं कोण?”

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर मात्र सांगायचे तर आधी हे गाव कसे वसले आहे ते सांगावे लागते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणचा कारभार प्रथम बाणकोटहून चालवला आणि १८२२ मध्ये तो रत्नागिरीला आणला. तेव्हापासून कचेरी, कोर्ट, तुरुंग, शाळा, दवाखाना असा जिल्ह्याच्या ठिकाणाचा सगळा सरंजाम हळूहळू या खाड्यांच्या मधल्या जांभ्याच्या सड्यावर उभा राहिला. पण येथे यायचे म्हणजे एका बाजूला सह्याद्रीचे घाट आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, बोटी बंद होत त्या नारळी पौर्णिमेपर्यंत, आणि त्या अवधीत मुंबईचे पत्रसुद्धा घाटाच्या वाटेने भिजत यायचे. एखाद्या माणसाला जिवंत ठेवून नजरेआड करायचे असेल, तर सरकारला याहून सोयीची जागा सापडणे कठीण होते. आणि ज्याला काही शिकायचे, करायचे असेल, त्याला येथून बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईच्या गिरण्या ज्यांच्या बळावर चालल्या, त्या कामगारांतही या जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता आणि घरोघरची चूल महिन्याच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. थोरांची गोष्ट या सामान्यांच्या गोष्टीहून वेगळी नाही, फक्त तिला पाटी लागलेली आहे.

पहिले पान अर्थातच लोकमान्यांचे. टिळक आळीतले त्यांचे जन्मघर आज स्मारक म्हणून जपलेले आहे, कौलारू, पुढे पडवी असलेले, आणि आमच्या लहानपणी शाळेची सहल म्हटली की चालत जाण्याचे पहिले ठिकाण तेच असे. तेथे जन्मतारीख वाचायची, २३ जुलै १८५६, आणि बाहेर येऊन आवळे खायचे, असा आमचा परिपाठ होता. टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. रत्नागिरीचा योग आला तो वडिलांच्या, म्हणजे गंगाधरपंतांच्या शिक्षकाच्या नोकरीमुळे. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्याला झाली आणि दहा वर्षांचा बाळ घाट चढून गेला तो गेलाच. भाच्याने रकान्यात ‘१०’ लिहिले आणि त्याचा चेहरा पडला, कारण त्याच्या कल्पनेत टिळक सिंहासारखे गर्जत रत्नागिरीच्याच रस्त्यांवरून हिंडत होते.

मी त्याला म्हटले, माणूस किती वर्षे राहिला हे मोजताना तो ज्या संस्थेमुळे येथे आला तीही मोजावी. रत्नागिरीच्या सरकारी इंग्रजी शाळेचे उदाहरण घ्या. मालवणात १८३७ मध्ये जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर इंग्रजी शिकायला या शाळेत आले, मग मुंबईच्या एल्फिन्स्टनला गेले, सिंधमधल्या हैदराबादला मुख्याध्यापक झाले, आणि तेथून याच रत्नागिरीच्या शाळेवर मुख्याध्यापक म्हणून परत आले. ज्या वर्गात बाकावर बसले त्याच वर्गासमोर उभे राहण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण तेही टिकले नाहीत. मुंबई आणि पुणे यांनी त्यांना ओढून घेतले आणि संस्कृतच्या अभ्यासात त्यांनी जे केले ते सगळे घाटावर केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पांडुरंग वामन काणे हेही या शाळेत शिक्षक होते. धर्मशास्त्राच्या इतिहासासाठी ज्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले, त्यांनी उमेदीच्या काळात रत्नागिरीच्या मुलांच्या वह्या तपासल्या असतील, हा विचार मला त्यांच्या जाडजूड खंडांपेक्षा जास्त जवळचा वाटतो. शाळेने घडवावे, बळ द्यावे आणि बोटीवर बसवून द्यावे, असा हा क्रम आहे.

न हललेली संस्था म्हणजे नगर वाचनालय. स्थापना १८२८ ची. कचेरी या गावात येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती, मराठीतले पहिले वृत्तपत्र निघायला अजून चार वर्षे होती, आणि छापील मराठी पुस्तके बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हा येथे ग्रंथालय सुरू झाले. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. मी स्वतः आठवीत असताना तेथली बालसभासद होते, आणि एका वेळी एकच पुस्तक मिळत असल्यामुळे ते घरी पोहोचेपर्यंत रस्त्यातच अर्धे वाचून होत असे. देवघेवीच्या खिडकीपाशी बसणाऱ्या गृहस्थांना आमच्या घरात कोण काय वाचते हे पाठ होते. “वडिलांना सांग, दुसरा भाग आलाय,” असा निरोप ते माझ्याबरोबर देत. अशा माणसांची नावे कोणत्याही प्रकल्पाच्या वहीत येत नाहीत आणि मीही येथे लिहीत नाही, पण भाच्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर माझ्या मनात तेच आले.

दुसऱ्या पानावर थिबा राजा. हे नाव भाच्याने स्वतः सुचवले, कारण त्याच्या शाळेची बस रोज राजवाड्यावरून जाते. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला राणी सुपयालत आणि लहान मुलींसह आधी मद्रासला नेले, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. तो येथे मेला तो डिसेंबर १९१६ मध्ये, म्हणजे आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षे, पूर्ण तीस, त्याने या एका गावात काढली. आमच्या यादीतल्या प्रसिद्ध नावांपैकी सर्वांत जास्त काळ सलग रत्नागिरीत राहिलेला माणूस हा मंडालेचा राजा आहे, हे कळल्यावर घरात जो हशा पिकला त्यात थोडा ओशाळेपणाही होता.

आता जो राजवाडा म्हणून आपण पाहतो तो १९१० चा. तोपर्यंत हे कुटुंब टेकडीवरच्या बंगल्यात पहाऱ्यात राहत होते. म्हणजे लाल भिंतींच्या, उतरत्या छपरांच्या आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांच्या या तीन मजली वास्तूत राजाला अवघी सहा वर्षे मिळाली. तिच्या मागच्या अंगाला जाऊन उभे राहिले की खाली भाट्याची खाडी, पूल आणि त्यापलीकडे उघडा समुद्र दिसतो. पर्यटक तेथे सूर्यास्ताची छायाचित्रे काढतात. मला मात्र तेथे दरवेळी वाटते की बोटींची ये-जा दिसेल अशा उंचीवर, पण बोटीत पाय ठेवता येणार नाही अशा बंदोबस्तात एखाद्याला ठेवणे ही शिक्षा ज्याला सुचली त्याला माणसाचे मन चांगले कळत असावे. दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला रंगूनला पाठवायचे आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला कोकणात आणायचे, या हिशेबामागेही तीच हुशारी होती. थिबाची समाधी शिवाजीनगर भागात आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे अध्यक्ष थीन सीन तेथे येऊन गेले, तेव्हा शहरातल्या अनेकांना प्रथमच कळले की अशी काही समाधी आपल्या शेजारी आहे.

ज्या १८८६ मध्ये थिबा आला त्याच वर्षी येथले मनोरुग्णालयही सुरू झाले. हा योगायोगच, पण तो बोलका आहे. राजा असो, वेडा ठरवलेला असो की कैदी असो, डोळ्यांसमोरून दूर करायच्या माणसांसाठी या गावात जागा होती. आमच्या भागात कोणी तऱ्हेवाईक वागले की “याला रत्नागिरीला नेऊन टाका” असे म्हणण्याची पद्धत अजून आहे. रत्नागिरीतच राहून हे वाक्य ऐकताना आमची फार पंचाईत व्हायची, कारण आम्ही आधीच तेथे होतो.

तिसऱ्या पानावर सावरकर. अंदमानातून आणल्यावर १९२१ मध्ये त्यांना प्रथम रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथली त्यांची कोठडी आता स्मारक आहे. जानेवारी १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही या अटींवर. त्या अटींची मुदत वाढत वाढत मे १९३७ पर्यंत गेली. त्यांच्या राजकारणाबद्दल आमच्या घरातच दोन तट आहेत आणि दिवाळीच्या फराळावर तो वाद पुन्हा पेटू नये म्हणून मी रत्नागिरीपुरतेच बोलू या अशी अट घातली. ती तेरा वर्षे खरोखरच वेगळी आहेत. शाळांमधून अस्पृश्य मानलेल्या मुलांना इतरांच्या शेजारी बसवावे म्हणून त्यांनी गावोगाव पायपीट केली, सर्व जातींच्या बायकांची हळदीकुंकवे घडवली, १९३० पासून सहभोजने सुरू केली आणि १९३३ मध्ये अखिल हिंदू उपाहारगृह काढले, जेथे चहा पिण्याआधी जात विचारली जात नसे. ज्या गावात विहिरी आणि पंगती जातवार वाटलेल्या होत्या तेथे हे करणे सोपे नव्हते, आणि ज्याला गाव सोडून जाण्याची मोकळीक नाही त्याने ते करणे तर अधिकच अवघड होते, कारण भांडण झाले तरी दुसऱ्या दिवशी त्याच बाजारातून भाजी आणायची होती. १ मार्च १९२७ ला गांधीजी रत्नागिरीस आले असता सावरकरांच्या घरी जाऊन त्यांना भेटले. मते जुळली नाहीत, पण भेट झाली.

या काळाची मोठी खूण म्हणजे पतितपावन मंदिर. २२ फेब्रुवारी १९३१ ला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या उपस्थितीत ते सर्व हिंदूंसाठी खुले झाले. मंदिराचे नाव काढताच सगळे सावरकरांचे नाव घेतात, आणि येथे माझी थोडी तक्रार आहे. पैसा ओतला तो भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीच्या एका गरीब भंडारी कुटुंबातला हा मुलगा मुंबईला गेला आणि शापूरजी पालनजींच्या जोडीने बांधकामाच्या धंद्यात मोठा झाला. दादरची हिंदू स्मशानभूमी त्यांचीच देणगी, आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. रत्नदुर्ग किल्ल्याच्या परिसरातले भागेश्वराचे देऊळ त्यांनी उभे केले. पण गाठीशी अमाप पैसा असला तरी भंडाऱ्याच्या मुलाला जुन्या देवळांच्या गाभाऱ्यात कोठवर जाता येत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे लक्ष्मीनारायणाच्या मूर्तीपुढे कोणालाही उभे राहता येईल अशा देवळासाठी त्यांनी थैली का सैल सोडली ते कळते. विचार एकाचा, रक्कम दुसऱ्याची, आणि जखम दोघांना दिसलेली. मंदिराचे दार सर्व हिंदूंना उघडले, पण फक्त हिंदूंनाच, हेही मी भाच्याच्या वहीत कंसात लिहायला लावले. मिरकरवाड्यातल्या दालदी मुसलमान मच्छीमारांची मुले त्याच्याच वर्गात आहेत, आणि त्याने ते विचारलेच असते.

दुसरे कीर म्हणजे धनंजय. १९१३ मध्ये रत्नागिरीत जन्मलेला हा मुलगा पतितपावनाचे दार उघडले तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे मुंबई महानगरपालिकेत कारकुनी करत करत त्यांनी सावरकर, आंबेडकर, टिळक, फुले, शाहू महाराज अशा एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभ्या असलेल्या माणसांची चरित्रे लिहिली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. विद्यापीठाची पदवी नसताना कागदपत्रे गोळा करून, माणसांना भेटून, आणि बहुतेक काम नोकरीच्या उरलेल्या वेळात त्यांनी केले. सावरकर आणि आंबेडकर या दोघांविषयी सारख्याच आस्थेने लिहिणारा चरित्रकार आज शोधून सापडणार नाही. रत्नागिरीने हे दोन प्रवाह एकाच आळीत पाहिले होते, म्हणून ते त्यांना जमले असावे, असे मला वाटते. पुरावा काही नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४५ मध्ये, येथे महाविद्यालय सुरू झाले, ज्याला आज सगळे गोगटे-जोगळेकर म्हणतात. त्यामुळे मॅट्रिक झाल्याझाल्या बोट धरण्याची सक्ती संपली आणि मुलींच्या बाबतीत तर सगळेच बदलले. माझ्या आत्याच्या पिढीत पदवीधर झालेल्या बहुतेक बायका या एका इमारतीमुळे झाल्या. समुद्राच्या संस्था त्यानंतरच्या. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातला देवमाशाचा सांगाडा पाहताना आम्ही एकमेकांना त्याच्या फासळ्या मोजायचे आव्हान देत असू आणि दरवेळी आकडा वेगळा येई. शिरगावला १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय झाले. हे तेच शिरगाव जेथे प्लेगच्या दिवसांत सावरकर काही काळ राहिले होते. आता तेथून मासळीचे शास्त्र शिकलेली मुले देशभर जातात. पण १ जूनपासून दोन महिने होड्या शाकारून ठेवायच्या का, पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून ओढणाऱ्या, जाळ्यांना किती महिने मोकळीक द्यायची, यावर बंदरात होणारी भांडणे पाहिली की शास्त्र आणि बंदर यांच्यात अजून एक खाडी आहे असे दिसते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी येऊ लागली, आणि ज्या दुर्गमपणामुळे हे गाव तुरुंग म्हणून निवडले गेले तो दुर्गमपणा संपला. गाव सोडणे त्यामुळे अर्थातच आणखी सोपे झाले. मी स्वतः त्याच गाडीने गेले.

राहिलेल्यांनी मात्र गाणे धरून ठेवले आहे. संगीत नाटक घाटावर जवळजवळ विझले असताना खल्वायनसारख्या संस्थेने येथे ते करून दाखवले, आणि सावरकर नाट्यगृहात नाट्यपदाला ‘वन्स मोअर’ मिळताना मी ऐकले आहे. आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव तर थेट थिबाच्या राजवाड्याच्या आवारात होतो. हिवाळ्याच्या त्या रात्री लाल भिंतींवर दिवे सोडलेले असतात, खाडीकडून वारा येतो, आणि मोठमोठे कलावंत अशा घरापुढे गातात ज्याच्या मालकाला उंबऱ्याबाहेर जायला परवानगी लागत होती.

आमची नऊ पाने भरली होती. मालगुंडचे केशवसुत आणि पावसचे स्वामी स्वरूपानंद धरले तेव्हा कोठे नऊ झाली, आणि शहराच्या हद्दीबाहेरचे चालतील का यावर थोडी घासाघीस झाली. दहाव्या पानासाठी भाऊ एका उद्योगपतीचे नाव सुचवत होता. मी टूटूचे सांगितले.

थिबाच्या थोरल्या राजकन्येचे राजवाड्याच्या पहाऱ्यावरील गोपाळ सावंत यांच्याशी सूत जमले आणि १९०६ मध्ये टूटू जन्मली. राजा वारल्यावर १९१९ मध्ये राणी आणि राजकन्या ब्रह्मदेशाला परतल्या. सुपयालत तेथेच रंगूनला १९२५ मध्ये वारली. पण थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली, आपण होऊन, कोणी पकडून न आणता, आणि १९४७ मध्ये येथेच गेली. टूटू येथेच वाढली, संसार केला, मराठी बोलली, हलाखीत दिवस काढले आणि २००० साली वारली. माझ्या आईला ती बाजारात दिसायची. राजाची नात म्हणून कोणी बोट दाखवले तर ती हसून पुढे जायची, एवढेच आईला आठवते.

“कार्य काय लिहू?” भाच्याने विचारले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “राहिली, असं लिही.” त्याने ते लिहिले आणि ‘रत्नागिरीत किती वर्षे’ या रकान्यात मधला ब्रह्मदेशाचा काळ वजा करावा की नाही यावर बराच वेळ डोके खाजवले. छायाचित्र काही मिळाले नाही. शेवटी जुन्या दिनदर्शिकेतले राजवाड्याचे चित्र कापून त्याने त्या चौकटीत चिकटवले. चित्र चौकटीपेक्षा मोठे होते, म्हणून एका बाजूच्या खिडक्या कापाव्या लागल्या.